बिनसहीचे आकडे

"इथे तुम्ही नव्हता," पेन्शन कचेरीच्या खिडकीवरची बाई म्हणाली आणि तिने पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझी एकतीस वर्षांची नोकरी एका हिरव्या पट्टीत मावली होती, आणि पट्टीच्या उजव्या टोकाच्या थोडं अलीकडे एक पांढरी फट होती, करंगळीच्या नखाएवढी. काचेला काहीतरी चिकटलंय असं वाटून मी बोट पुढे केलं, तशी ती म्हणाली, "हात नका लावू हो. तिथे आलं की सगळेच पुसायला जातात." म्हणजे अशी फट असलेली मी एकटी नव्हते. मला याचं बरं वाटायला हवं होतं की वाईट, हे ठरेना. "नव्हते म्हणजे?" मी विचारलं. "गैरहजर. बंदच्या वर्षातले सत्त्याण्णव दिवस." मी म्हणाले, "मी प्रयोगशाळेत होते. पाणी तपासत होते. हे तुमच्या बाटलीत आहे ना, तेच." तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असाल की, मावशी. मी नाही कुठे म्हणते? पण दिसत नाही ना."

दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टी मोजायचाच तर पगार मी एकतीस वर्षं घेतला. शंभर मिलिलिटर पाण्यात एक जंतू असेल तर तो कुणाला दिसत नाही; त्याला उबेत ठेवायचं, खायला घालायचं, एक दिवस थांबायचं, मग त्याचा ठिपका होतो आणि तो मोजता येतो. न दिसणं म्हणजे नसणं, असं आमच्याकडे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही म्हणत नाही. पण खिडकीच्या त्या बाजूला तेच शास्त्र होतं. बाईने मला नियम समजावून सांगितला, आणि चांगला सांगितला, कारण तो तिने दिवसातून वीसदा सांगितलेला होता. साथीच्या वर्षी एक हुकूम निघाला होता: बंदच्या काळात ज्याच्या हजेरीची नोंद नाही, त्याच्या पेन्शनचा हप्ता खात्याने भरायची गरज नाही. अर्धा पगार सगळ्यांना मिळत होता, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पण ते दिवस नोकरीत धरले गेले नाहीत. नव्वद दिवसांपर्यंतचा खंड माफ होता. माझे सात जास्त होते. म्हणून आता तीन वाटा. 'मी स्वेच्छेने रजेवर होते' असं लिहून दिलं, तर पुढच्या महिन्यात निवृत्त झाल्याझाल्या पाऊण पेन्शन चालू. लिहून दिलं नाही तर सुनावणी, आणि निकाल लागेपर्यंत काहीच नाही. सुनावणीत हरले तर खंडाच्या आधीची सगळी वर्षं निम्मी धरणार. "बहुतेक लोक सही करतात," बाई म्हणाली आणि छापील कागद सरकवला. तिने माझ्यासाठी पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. मी टोपण पेनाला लावलं आणि कागद घडी करून पिशवीत टाकला. "बघते," मी म्हणाले. मागच्या माणसाने हुश्श केलं.

घरी चालत गेले. रस्त्याच्या कडेला जमिनीवर अजून कुठेकुठे ते पिवळे गोल होते, एकमेकांपासून दोन मीटरवर उभं राहण्यासाठी रंगवलेले. सात वर्षांत पायांनी घासून त्यांचे नुसते कंस उरलेत. मी कधी त्यांच्याकडे बघत नाही, त्या दिवशी बघत गेले. मला राग येत होता पण तो कुणावर ठेवावा ते कळत नव्हतं. हुकूम काढणाऱ्यावर? तोही कुणीतरी माणूस असेल. त्याच्या टेबलावर दवाखान्यांचे फोन येत असतील, खाटा नाहीत, ऑक्सिजनची नळकांडी नाहीत, आणि त्याला कुठूनतरी पैसा काढायचा असेल. जिथून काढला तरी लगेच कुणी ओरडणार नाही, अशी जागा त्याने शोधली. माणसाचं म्हातारपण ही तशी जागा आहे. ते सात वर्षं, सतरा वर्षं गप्प बसतं. त्या माणसाला मी माफही केलं असतं. घाईत चुकीचा नमुना कोण घेत नाही? पण नमुना चुकला की आपण पुन्हा घेतो. चुकीच्या नमुन्यावर ज्याचं पाणी त्याचीच सही आणत नाही, की होय, माझं पाणी मुळातच घाण होतं.

आणि नोंद का नव्हती, हेही मला त्या चालण्यात एकेक करून आठवत गेलं. चूक आमचीच होती, आणि ती आमच्यासारखीच माणसं करू शकतात. पहिल्याच आठवड्यात अंगठ्याचं यंत्र बंद झालं. विभागप्रमुखांनी हजेरीचं पत्र पाठवायचं असं ठरलं, आणि विभागप्रमुख दुसऱ्या दिवशी तापाने घरी गेले ते परत आलेच नाहीत. प्रयोगशाळेत राहिलो दोघं, मी आणि पिपेट, रात्रंदिवस तिथेच मुक्कामाला. पिपेट म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा सहकारी. उंच, बारीक, मधेच पोटाशी थोडा फुगलेला, त्या नावाच्या काचेच्या नळीसारखा, म्हणून त्याला सगळे पिपेट म्हणत, आणि तो स्वतःही फोनवर तेच नाव सांगे. आम्ही नियम केला की आतला कागद बाहेर जाणार नाही आणि बाहेरचा आत येणार नाही. निकाल फोनवरून सांगायचे, नोंदवहीही बंद. मग हजेरी कुठे? पिपेट म्हणाला, "अहो बाई, प्लेटवर आद्याक्षरं घालतोच की आपण. त्याच्याहून पक्की हजेरी कसली?" मलाही ते पटलं. काचेच्या प्रत्येक प्लेटच्या बुडाला काळ्या पेनाने नमुन्याचा क्रमांक, तारीख, वेळ आणि आपलं अक्षर. हे न घालता प्लेट उबेत गेली तर आम्हाला झोप लागत नाही. सत्त्याण्णव दिवस आम्ही ही हजेरी चोख लावली. आणि ठिपके मोजून झाले की नियमाप्रमाणे सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, एकशेएकवीस अंशावर वीस मिनिटं. आपली हजेरी आपणच शिजवून फेकून देतोय, हे दोन पदवीधर माणसांना तीन महिन्यांत एकदाही सुचलं नाही. मी रस्त्यात एकटीच हसले. एका बाईने मुलाला माझ्या बाजूने काढून दुसऱ्या बाजूला घेतलं.

लेक घरी आली तेव्हा मी तो छापील कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर सपाट करून ठेवला होता. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतंय का' विचारून आलेली असते, त्यामुळे घरी बारीक अक्षरातलं काही वाचायला तयार नसते. मी तोंडी सांगितलं. तिने बूट काढता काढता ऐकलं आणि म्हणाली, "मग कर ना सही. पाऊण काय वाईट आहे?"

"मी रजेवर नव्हते."

"ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. कागदाला कशाला माहीत हवंय?"

"कागदालाच माहीत नाही म्हणून तर हे झालं."

"आई, तू ना..." ती खुर्चीत बसली. "माझं बघ. मी तर सगळंच काढून बसले." हे तिने याआधी कधी इतकं सरळ म्हटलं नव्हतं. त्या वर्षी ती एका हॉटेलात स्वागतकक्षात होती. हॉटेल बंद झालं आणि सरकारने दुसरा हुकूम काढला, की तुमच्या म्हातारपणासाठी साठलेले पैसे आत्ता काढून घ्या, तुमचेच आहेत. अर्ज एका पानाचा होता. एवढा सोपा सरकारी अर्ज मी आयुष्यात पाहिला नाही. तिने काढले आणि आठ महिने भाडं भरलं, खाल्लं. "तेव्हा बातम्यांत म्हणायचे, दिलासा. आता दुकानात ती पेन्शनवाली मुलगी येते, तक्ता दाखवते, म्हणते मॅडम, तुमच्यासारखं ज्यांनी काढलं त्यांनी सत्तरीपर्यंत काम करायचं ठरवा. मी म्हटलं, ठरवते की, त्यात काय, रविवारी ठरवते." आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "म्हणून म्हणते. माझ्या खाली काही नाही. निदान तुझी जमीन तरी असू दे. पाऊण तर पाऊण."

ती म्हणत होती ते बरोबर होतं. गणित म्हणून मला त्यात एकही चूक काढता येईना. मी भांडी घासायला उठले, कारण पाण्याचा आवाज असला की मला बोलावं लागत नाही. सत्त्याण्णवातल्या तिसाव्या दिवसाच्या आसपास तिला ताप आला होता. ती इथे एकटी, याच घरात, अकरा दिवस. मी चार किलोमीटरवर. रोज फोनवर ऑक्सिजनचा आकडा विचारायचे, आणि ती आकडा सांगण्याआधी मला शिव्या द्यायची. 'तुझं पाणी महत्त्वाचं, पी तेच' इथपर्यंत. ब्याण्णव. एक्क्याण्णव. एके दिवशी अठ्ठ्याऐंशी. मी पिपेटला म्हणाले, मी जाते. तो म्हणाला, जा. मी दारापर्यंत गेले. बाहेर गेलं तर परत आत येता येणार नव्हतं, आणि एकटा माणूस दर चार तासांनी, रोज सहा वेळा, किती दिवस पाणी बघणार? मी दारातून परत आले. ते दार मला अजून दिसतं, त्याची पितळी मूठ, तिच्यावर सॅनिटायझरने पडलेले पांढरे डाग. आता या कागदावर सही करायची म्हणजे असं लिहून द्यायचं, की तेव्हा मी रजेवर होते. काही काम नव्हतं. आणि तरीही मी लेकीकडे आले नाही. नुसतीच आले नाही.

हे मी तिला सांगितलं नाही. ती मागे उभी राहून भांडी पुसत होती. बऱ्याच वेळाने तिने कागद उचलला आणि चष्मेवाल्यांच्या सवयीने डोळ्यापासून दूर धरून वाचला. "स्वेच्छेने," ती म्हणाली. "म्हणजे तुला यायचं नव्हतं, असं?" मी नळ बंद केला नाही. तिने कागद परत टेबलावर ठेवला, पण पालथा. "नको करूस सही," ती म्हणाली. "बघू आपण. मी रविवारीपण जाईन दुकानात." नंतर ती नेहमीसारखी मोबाइल बघत बसली आणि मी चहा टाकला, त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही.

पुरावा हवा होता. तोंडी साक्ष चालत नाही, खिडकीवरच्या बाईने आधीच सांगितलं होतं. पण त्या वर्षाचा एक छापील अहवाल होता. पाणी खात्याने मोठ्या अभिमानाने काढलेला, गुळगुळीत कागदाचा, आणि त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की साथीच्या काळात शहराच्या पाण्याची एकही तपासणी चुकली नाही. शेवटी तक्ते होते. आम्ही फोनवर सांगितलेला एकेक आकडा त्यांनी छापला होता: सत्त्याण्णव दिवस, रोज सहा, पाचशे ब्याऐंशी आकडे. नावं नव्हती. एकाच सरकारने एका पुस्तकात लिहिलं होतं की दर चार तासांनी पाणी बघितलं गेलं, आणि दुसऱ्या पुस्तकात लिहिलं होतं की बघायला कुणी नव्हतं. ही विसंगती मला फार आवडली. मला खरंच भूक लागली, इतकं बरं वाटलं. पण विसंगतीने फक्त एवढंच सिद्ध होतं की कुणीतरी होतं. मी होते, हे नाही.

मी निवृत्तीच्या आधीचे ते शेवटचे आठवडे जेवणाच्या सुटीत त्या तक्त्यांकडे बघत बसायचे. पाण्यातला क्लोरीन बघायची आमची पद्धत जुनी आहे. नळीत पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, पाणी गुलाबी होतं. मग तो गुलाबी रंग काचेच्या चकतीवरच्या रंगांशी जुळवायचा. चकतीवर पॉइंट दोन आहे, पॉइंट तीन आहे. मधलं जे काही आहे ते डोळ्याने ठरवायचं. आणि डोळा हा प्रत्येकाचा वेगळा असतो. अंदाजात माणसाची खोड उतरते, चालीत उतरते तशी. माझी खोड अशी की गोल आकड्यावर माझा विश्वास नाही. शेवटी शून्य किंवा पाच आलं की मला वाटतं आपण आळस केला, म्हणून मी पुन्हा बघते, आणि मग तिथे सात असतो, नाहीतर तीन. पिपेट याच्यावरून मला छळायचा. "बाई, रंग बघताय की पत्रिका? पॉइंट दोन सात म्हणे! देवालासुद्धा पॉइंट दोन पाच दिसतं." तक्त्यात पहिल्या दिवसाचे सहा आकडे असे होते की शेवटी सात, तीन, आठ, दोन, सात, चार. पहिला दिवस माझा होता. आम्ही एकाआड एक दिवस घ्यायचो, एक जागा आणि दुसरा कोठारात झोपलेला. मी तिसरा दिवस पाहिला. पाचवा पाहिला. त्या आकड्यांवर माझी सही नव्हती, पण ते मीच होते, आरशात दिसावी तशी.

मग मी ते नीट केलं. साथीच्या आधीच्या चार वर्षांच्या नोंदवह्या कपाटात होत्या, त्यांत प्रत्येक आकड्यापुढे वाचणाऱ्याचं अक्षर होतं. माझे दोन हजार आकडे काढले. शेवटी शून्य किंवा पाच: शंभरात चार. तिथल्या दुसऱ्या कुणाचंही हे प्रमाण चाळिशीच्या खाली नव्हतं. बंदच्या काळातले माझे एकोणपन्नास दिवस, दोनशे चौऱ्याण्णव आकडे: त्यांत शून्य-पाच फक्त अकरा. हे योगायोगाने होण्याची शक्यता मी काढली आणि पानावर लिहिली. दशांश चिन्हापुढे इतकी शून्यं आली की मला पुढची ओळ घ्यावी लागली. शून्यांवर विश्वास नसलेल्या बाईला शेवटी शून्यांनीच साथ दिली, असं पिपेट म्हणाला असता. त्याला सांगायलाच हवं होतं. कारण माझे दिवस उभे राहिले की मधले दिवस आपोआप उघडे पडणार होते, आणि ते त्याचे होते. आणि पिपेटने गेल्या वर्षी निवृत्त होताना त्या छापील कागदावर सही केली होती.

तो गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर शाल. बारीक होताच, आता पोटाचा फुगाही गेलाय. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि दाराआडून ऐकत उभी राहिली. मला तिचे पाय दिसत होते. मी कागद दाखवले. त्याने ते खरोखर मन लावून पाहिले, एक नाही, दोन चुकाही काढल्या बेरजेतल्या. "भारी आहे," तो म्हणाला. "छापायला द्या कुठेतरी." मग कागद माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "पण मला यात ओढू नका, बाई."

"ओढत नाही. पण तुम्हीही होता."

"होतो. आणि नव्हतो असं लिहून दिलंय. खाली बारीक अक्षरात काय आहे वाचलंत? माहिती खोटी ठरली तर दिलेली पेन्शन वसूल. गोळ्या त्याच पैशातून येतात माझ्या. सकाळच्या सहा, संध्याकाळच्या पाच."

"लाज नाही वाटली सही करताना?" हे मी बोलून गेले. दाराआडचे पाय हलले.

"वाटली ना," पिपेट म्हणाला. "दोन दिवस वाटली. मग पेन्शन आली. मग महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी वाटते, हप्त्याने." तो हसला, पण माझ्याकडे बघून नाही. "तुमची लेक कमावते. तुम्हाला भांडायची ऐपत आहे. माझं नाव घेऊ नका, एवढं कबूल करा." मला म्हणायचं होतं की ऐपत नाहीये, लेक रविवारीही जाते आता. मला म्हणायचं होतं की तुम्ही सगळे सह्या करता म्हणून पांढरी फट खरी होते. सव्वीस वर्षं शेजारच्या टेबलावर काम केलेल्या माणसाला हे सगळं म्हणता येतं, पण त्याच्या गुडघ्यांवर शाल होती. मी कबूल केलं. उठताना त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "राग मानू नका हं, वन्सं." तिने मला याआधी कधी वन्सं म्हटलं नव्हतं. नातं लावून तोंड बंद करायची ही रीत मला माहीत आहे. तरी उतरताना जिना मला नीट दिसला नाही.

निवृत्त झाले. पेन्शन आली नाही. एक महिना, दुसरा महिना. लेकीने नवीन चपला घ्यायच्या टाळल्या आणि टाळतेय हे मला कळू दिलं नाही, म्हणजे तिला तसं वाटलं. एकदा खिडकीवरच्या बाईचा फोन आला, तिच्या खासगी नंबरवरून: "मावशी, अजूनही कागद घेते मी. तारीख मागची घालू." तिचा हेतू चांगला होता. मी म्हणाले, "मागची तारीख घालायचीच असेल तर सात वर्षं मागची घाला आणि मला हजर लावा." ती हसली आणि म्हणाली, "तेवढं मागे जात नाही ना यंत्र."

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर पूर्वीच्या फळीची भोकं. साहेब पन्नाशीचे, सर्दी झालेले, रुमाल कोपराशी ठेवून बसलेले. त्यांच्यापुढे दोन फायली होत्या. वरची माझी, खालच्या फायलीची कड मला ओळखीची वाटली नाही पण कुणाची असेल ते कळलं. मी अहवाल पुढे ठेवला. पिपेटच्या अठ्ठेचाळीस दिवसांवर मी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मी स्वतःही ते पुन्हा पाहिले नव्हते. शब्द दिला म्हणजे डोळ्यांनीही दिला, असं माझं होतं. साहेबांनी माझा हिशेब वाचला, परत वाचला. हुशार माणूस होता. चकती कशी असते ते त्यांनी विचारलं, मी काढून दाखवलं. वीस मिनिटांनी ते म्हणाले, "एकोणपन्नास दिवस तुमचे, हे मला पटतंय असं समजा. ते धरले तर तुमचा खंड अठ्ठेचाळिसाचा होतो. म्हणजे नव्वदाच्या आत. माफ." त्यांनी पेन उचललं. "अठ्ठेचाळीस दिवस रजेवर, एवढं लिहा. पूर्ण पेन्शन. तुमचं काम झालं."

माझं काम झालं होतं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. लेकीच्या चपला मला दिसल्या, टाचेकडून झिजलेल्या. "त्या अठ्ठेचाळीस दिवसांत मी कोठारात झोपायचे," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी जागं राहायचं म्हणून. रजेवर नव्हते."

"बाई, मी तुम्हाला मदत करतोय."

"हो."

"मग त्या दिवसांत पाणी कोण बघत होतं? कुणी असेल तर सांगा. नसेल तर सही करा."

"ते सांगायची मला परवानगी नाही. पण तिथे कुणीच नव्हतं, असं माझ्याकडून लिहून घेता येणार नाही. तुमच्या अहवालात एकही तपासणी चुकली नाही म्हणून छापलंय. ते पान फाडा, मग मी सही करते." माझा आवाज वर गेला होता. बाहेरच्या बाकावरची माणसं ऐकत असणार. ऐकू देत.

साहेबांनी नाक पुसलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी अहवाल जवळ ओढला, नखाने पहिली पट्टी उचलली आणि आकडे वाचायला लागले. आधी मनात, मग ओठांनी, मग मोठ्याने, फक्त शेवटचा अंक. "पाच. शून्य. शून्य. पाच. पाच. शून्य." दुसरी पट्टी. "शून्य. पाच. शून्य." खोलीत कुणीतरी येऊन बसावं तसं झालं. उंच, बारीक, पॉइंट दोन पाचवर समाधानी. पट्ट्या टेबलावर साठत गेल्या. साहेबांनाही आता ते जाणवत होतं, त्यांचा वेग वाढला, पुढचा अंक ते वाचायच्या आधीच ओळखत होते. बावन्नाव्या दिवशी ते "शून्य, पाच, पाच" म्हणाले आणि थांबले.

"सात," ते म्हणाले. "तीन. आठ." त्यांनी चष्मा वर केला. "हे तर तुमचे आहेत."

"हो."

"पण हा दिवस तुमचा नाही."

मला ते विसरायला झालं होतं. दिवस नाही, पण तो तक्त्यात उतरलेला असेल हे. "नाही," मी म्हणाले. "दुपारी दोन वाजता एकाला फोन आला, थोरला भाऊ गेला म्हणून. तो कोठारात जाऊन खोक्यांवर बसला. चारचं पाणी मी बघितलं. आठचं बघितलं. बाराचं बघितलं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती, तरी सकाळी तो उठून म्हणाला, चला, मी आहे. मी त्याला परत झोपायला पाठवलं."

साहेबांनी त्या तीन अंकांवर बोट ठेवलं. मग त्यांनी खालची फाईल वर घेतली, उघडली, आणि त्यातल्या छापील कागदावरची सही पाहिली.

"रजेवर होता म्हणून लिहिलंय इथे."

"त्या दिवशी त्याला रजा हवी होती, साहेब," मी म्हणाले. "त्याने मागितली होती, तुमच्याच कचेरीत फोन करून, माझ्यासमोर. तेव्हा मागून मिळाली नाही. आता न मागता कशाला देताय?"